मिडसमर नाइट्स ड्रीम: २२ पात्रं, ११ वाचक

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या वाचनाचं पात्रवाटप एकदाचं बसलं. पात्रं २२ (अंगाई गाणाऱ्या पऱ्या वेगळ्या), वाचणारे ११.

सोपं आधी. अथेन्सचा ड्यूक थीसियस आणि पऱ्यांचा राजा ओबेरॉन एकाकडे, थीसियसची वधू हिपोलिटा आणि ओबेरॉनची राणी टिटानिया एकीकडे. दिग्दर्शक पीटर ब्रूकने १९७० मध्ये हेच केलं होतं, आणि त्यात गंमत आहे: अथेन्सात लग्न ठरलेलं, जंगलात संसार मोडायला आलेला. भांडणाचं मूळ आपल्याकडचं आहे. टिटानियाची एक भारतीय भक्त बाळंतपणात गेली, तिचं पोर टिटानियाने सांभाळलं, आणि ओबेरॉनला ते आपल्या लवाजम्यात हवंय. ज्याच्यापायी एवढं रामायण, तो मुलगा नाटकात एक शब्द बोलत नाही. म्हणजे माझा एक वाचक वाचला.

अडचण चौथ्या अंकात. ओबेरॉन-टिटानिया जातात आणि लगेच शिंगांच्या आवाजात थीसियस-हिपोलिटा येतात. प्रयोगात इथे कपडे बदलायची धांदल उडते, वाचनात आवाज बदलला की झालं. पाचव्या अंकात मात्र दरबार झोपायला गेल्यावर ओबेरॉनचा खोडकर सेवक पक याचं लांबसं भाषण आहे, तेवढी उसंत मिळते. शेक्सपिअरने ती मुद्दाम ठेवली असावी, असं माझं मत.

पक आणि फिलोस्ट्रेट एकाकडे. दोघंही आपापल्या धन्याच्या करमणूक खात्यातले. सुतार क्विन्स आणि हर्मियाचा बाप इजियस यांचीही जोडी जमते, पण एका अटीवर. १६०० च्या क्वार्टोत (नाटकाची पहिली छापील आवृत्ती) पाचव्या अंकात थीसियसशी करमणुकीबद्दल फिलोस्ट्रेट बोलतो. १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा संग्रह) ते काम बहुतेक सगळं इजियसकडे गेलंय, आणि त्याच प्रवेशात क्विन्सला कारागिरांनी लग्नासाठी बसवलेल्या नाटकाची प्रस्तावना म्हणायचीय! म्हणून क्वार्टो धरला. मनातून मला फोलिओच आवडतो. ज्या लग्नापायी बाप मुलीचा जीव घ्यायला निघाला होता, त्याच लग्नात तो कार्यक्रमाची व्यवस्था बघतोय.

फ्लूट, स्नाउट, स्नग आणि स्टार्व्हलिंग या कारागिरांकडेच टिटानियाचे चार सेवक: पीजब्लॉसम, कॉबवेब, मॉथ, मस्टर्डसीड. त्यांचाच सोबती बॉटम याला पकने लावलेलं गाढवाचं डोकं बघून जे बोंबलत पळाले, तेच थोड्या वेळात त्याच्या सेवेला हजर.

इथपर्यंत १३ झाले. अजून दोघांचं काम कुणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं. पाचवा अंक पुन्हा वाचला, तर नवे नवरे लायसँडर आणि डेमेट्रियस कारागिरांच्या नाटकाची यथेच्छ टर उडवतायत, आणि त्यांच्या बायका हर्मिया-हेलेना संपूर्ण अंकभर गप्प! मग त्या नाटकात सिंह होणारा स्नग हर्मियाला दिला, चंद्र होणारा स्टार्व्हलिंग हेलेनाला. बुटकी, चिडकी हर्मिया सिंह. उंच हेलेना चंद्र. चंद्राला शिंगांवरून टोमणा मारतो तो डेमेट्रियस, म्हणजे आता तो स्वतःच्या बायकोलाच मारणार. पहिल्या अंकात हेलेनाचं स्वगत संपतं न संपतं तोच कारागीर येतात, तिथे तिला झटकन शिंपी स्टार्व्हलिंग व्हावं लागेल. जमेल.

आता तिसऱ्या अंकातलं या चौघा प्रेमिकांचं भांडण बसवायचंय. त्यात एक प्रश्न लोंबकळतोय. जंगलात दोघांच्याही डोळ्यांवर प्रेमात पाडणारा फुलाचा रस पिळला जातो, पण नंतर उतारा फक्त लायसँडरच्या डोळ्यांवर पिळला जातो, डेमेट्रियसच्या नाही. डेमेट्रियसवर रसाचा अंमल शेवटपर्यंत राहतो. आमचा डेमेट्रियस विचारतोय, पाचवा अंक शुद्धीत वाचू की तारेत? मी तारेत म्हणतोय, बाकीचे शुद्धीत. कुणी दोन्ही ऐकलं असेल तर कळवा.