नावाआधीची दोन अक्षरे

एका तालुक्याच्या गावातील छापखान्यात मी गेली २२ वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. स्मरणिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असे सगळेच हाताखालून जाते, पण लग्नसराईत मुख्य काम पत्रिकांचे असते. पत्रिकेतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून आजवर एकाही ग्राहकाने माझ्याशी वाद घातलेला नाही. वाद होतात ते नावाआधीच्या अक्षरांवरून. कोणाचे 'ह. भ. प.' राहून जाते, कोणा काकूंचे 'सौ.' सुटते, आणि त्या दोन अक्षरांसाठी छापून झालेले गठ्ठे परत आणले जातात. म्हणून 'हल्ली लोक शब्दांवरून फारच हळवे झाले आहेत, आता काही बोलायची सोयच उरली नाही' असे कोणी म्हणाले की मला पहिल्यांदा आठवतो तो छापखान्यातला अनुभव. शब्दांवरून हळवे होणे आपल्याकडे नवीन नाही. पूर्वी ते ज्यांना शोभत असे त्यांच्यापुरतेच होते, एवढाच फरक.

काही वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नानंतर एक बाई मुलीच्या पत्रिकेचे प्रूफ पाहायला आल्या होत्या. मजकूर त्यांच्या दिरांनी पाठवला होता. निमंत्रकांत पहिले नाव दिरांचे होते आणि खालच्या ओळीत या बाईंचे, आधी 'गं. भा.' म्हणजे विधवेच्या नावाआधी लावतात ते 'गंगा भागीरथी' लावून. त्यांनी सगळी पत्रिका सावकाश वाचली, मुहूर्ताची वेळ दोनदा तपासली आणि मग त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून हलक्या आवाजात विचारले, "हे एवढं काढता येईल का?" येईल, असे मी म्हणालो आणि त्याजागी 'श्रीमती' घालू का, असे विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "नुसतं नाव नाही का चालत?" मी लाल पेनने ती अक्षरे खोडली आणि समासात खूण केली. दुसऱ्या दिवशी दिरांचा फोन आला. अक्षरे कोणी काढली, असे त्यांनी विचारले. आवाज चढलेला होता. वहिनींनीच काढायला सांगितली, असे मी सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "मग तिनं मला का नाही सांगितलं?" माणूस वाईट नव्हता. भावाच्या माघारी पुतणीचे लग्न तो आपल्या अंगावर घेऊन करत होता. इतक्या वर्षांत वहिनींना ही अक्षरे हवी आहेत का, हे विचारावे असे त्याला सुचले नव्हते. पत्रिका बाईंच्या इच्छेप्रमाणे छापली गेली.

एप्रिल २०२३ मध्ये हीच दोन अक्षरे महाराष्ट्राच्या बातम्यांत आली. राज्याच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी खात्याच्या प्रधान सचिवांना पत्र लिहून 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याबाबत चर्चा करून प्रस्ताव तयार करण्यास सांगितले. 'अपंग' शब्दाच्या जागी 'दिव्यांग' शब्द आल्याने त्या व्यक्तींकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, तसेच इथेही व्हावे, असा त्यामागचा विचार होता. महिला संघटनांनी आणि विरोधी पक्षांतील नेत्यांनी तीव्र विरोध केला, आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, केवळ चर्चेसाठी पत्र दिले होते, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. त्या आठवड्यात आमच्या छापखान्यात चहाच्या वेळी एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले की, आता चांगला शब्द सुचवला तरी लोकांच्या भावना दुखावतात, म्हणजे हे अतीच झाले. त्यांना त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

'गंगा भागीरथी' हा शब्द वाईट नाही. उलट तो इतका पवित्र आहे की त्या पावित्र्यातच त्याची सगळी अडचण आहे. नवरा गेलेल्या बाईसाठी आपल्या भाषेने कठोर शब्दांइतकेच गोड शब्दही घडवले. केशवपन केलेल्या आणि आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, नेसवलेल्या बाईला 'सोवळी' म्हणत असत. सोवळी म्हणजे शुद्ध. पण ही शुद्ध बाई हळदीकुंकवाला चालत नसे, ओटी भरायला चालत नसे, प्रवासाला निघताना समोर आलेली चालत नसे. शब्दाने तिला देव्हाऱ्यात बसवले आणि माजघराच्या पुढे येऊ दिले नाही. 'गं. भा.' हे त्याच घराण्यातले अक्षर आहे. पत्रिकेत, पत्राच्या पाकिटावर, मतदारांच्या घरगुती यादीत कुठेही ते दिसले की वाचणाऱ्याला या बाईचा नवरा हयात नाही हे तिच्या नावाच्याही आधी कळते. पुरुषाचे तसे नाही. बायको असो, नसो, वारलेली असो, तो जन्मभर 'श्री.' राहतो, आणि विधुराच्या नावाआधी लावायचे एकही अक्षर मला २२ वर्षांत खुणेने घालावे किंवा काढावे लागलेले नाही.

या प्रस्तावाच्या जेमतेम एक वर्ष आधी, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला होता की, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद व्हाव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे आवाहन केले. त्या ठरावात नवा शब्द एकही नव्हता. 'विधवा' हाच शब्द वापरून गावाने विधवेच्या अंगावर होणारी जबरदस्ती थांबवण्याची गोष्ट केली. मला हेरवाडचा मार्ग अधिक संवेदनशील वाटतो, आणि तो का वाटतो हे त्या चहाच्या वेळी भेटलेल्या गृहस्थांना सांगायला हवे होते. शब्द बदलताना ज्याच्या अंगाला तो शब्द लागणार आहे त्याला विचारले की नाही, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. तो न विचारता केलेला बदल कितीही सौम्य असला तरी तो दिरांनी पाठवलेल्या मजकुरासारखाच असतो.

'दिव्यांग' शब्दाचेही असेच झाले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात हा शब्द सुचवला. पुढच्याच महिन्यात अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्यांना पत्र लिहून अपंगत्व ही काही दैवी देणगी नाही, असे कळवले. शब्द मात्र रुळला. २०१६ च्या कायद्याच्या हिंदी नावात तो आला, महाराष्ट्रात त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. याच कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के केले. माझ्या एका चुलतभावाला लहानपणी पोलिओ झाला होता. तो म्हणतो की, कागदावर काय लिहायचे ते लिहा, पण तहसील कचेरीचा दाखल्याचा टेबल पहिल्या मजल्यावर ठेवू नका. अर्थात 'लंगडा' या हाकेपेक्षा 'दिव्यांग' शतपटीने बरा, हेही तोच सांगतो. म्हणून शब्द बदलण्याला मी हसत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, आणि ज्याला कळते त्याने शब्द निवडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे काही माझे एकट्याचे किंवा आजचे नाही. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले आणि त्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालण्यात आला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य सभागृहातून बाहेर पडले. 'हरीचे जन' यात शिवी कुठे आहे, असे तेव्हाही अनेकांना वाटले असणार. पण ते नाव अस्पृश्यांनी स्वतः घेतलेले नव्हते, दुसऱ्याने प्रेमाने ठेवलेले होते. पुढे १९७२ मध्ये मुंबईत याच समाजातल्या तरुणांनी 'दलित पँथर' ही संघटना काढली तेव्हा स्वतःसाठी त्यांनी निवडलेला शब्द होता 'दलित'. त्यात गोडवा नाही, पावित्र्यही नाही. दळले गेल्याची आणि दळणारा कोणीतरी आहे याची स्पष्ट नोंद आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना 'दलित' हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' असे म्हणण्याची सूचना केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर ती निघाली होती आणि तो शब्द नको असणारी माणसे त्या समाजातही होती, हे खरे आहे. पण ज्या शब्दाने एका पिढीला कविता लिहायचे बळ दिले, तो शब्द अपमानकारक ठरवून बाजूला ठेवण्याची सूचना वरून येणे मला पटले नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा यांसारखी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, त्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. पोस्टाच्या पत्त्यात, शाळेच्या दाखल्यावर जात लिहिली जाऊ नये ही मागणी त्या वस्त्यांतून कितीतरी वर्षे येत होती. आमच्याकडे एका शाळेच्या स्मरणिकेत एका माजी शिक्षकांनी लेखात एका जातीला हिणवणारी जुनी म्हण वापरली होती. मी समासात प्रश्नचिन्ह करून प्रूफ परत पाठवले. ते संतापून आले आणि ही म्हण आहे, कोशात आहे, तुमचे काय जाते, असे म्हणाले. म्हण कोशात असावी, ती खोडू नये. आपल्या पूर्वजांनी काय काय बोलून ठेवले आहे हे अभ्यासकाला कळायलाच हवे. पण त्या शाळेत त्या जातीची मुले शिकतात, त्यांचे आईवडील ती स्मरणिका घरी घेऊन जाणार होते. मी एवढेच विचारले की, ही ओळ तुम्ही त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी बसून मोठ्याने वाचाल का? त्यांनी म्हण काढली. मराठीत तोच अर्थ सांगणाऱ्या दुसऱ्या म्हणींचा तुटवडा नव्हता.

मग संवेदनशीलता अति कुठे होते? माझ्या मते ती अति होते तेव्हा ती संवेदनशीलता उरलेलीच नसते. २००९ साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांच्या तुकाराम महाराजांवरील कादंबरीवरून वाद झाला. वारकऱ्यांच्या मनाला लागले, हे मी खोटे मानत नाही. माझ्या आजोळी वारी आहे आणि तुकोबांविषयी वेडेवाकडे ऐकले की तिथे माणसे जेवत नाहीत. पण लेखकाने देहूला जाऊन माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले, तरी ते पुरे झाले नाही. त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि संमेलन अध्यक्षांविना पार पडले. पत्रिकेवर बोट ठेवणाऱ्या त्या बाई स्वतःच्या नावाविषयी बोलत होत्या. इथे ज्यांच्याविषयी लिहिले होते ते संत साडेतीनशे वर्षांपूर्वीच आपल्यातून गेलेले, त्यांना विचारण्याची सोय नाही, आणि त्यांच्या वतीने किती माफी पुरेशी हे ठरवणारे अनेक. बाईंनी विनंती केली होती. इथे विनंती संपून अट सुरू झाली होती. या दोन गोष्टींना 'भावना दुखावणे' हे एकच नाव आपण देतो, आणि दुसरीचा राग पहिलीवर काढतो. भीतीने गप्प झालेला लेखक आणि कोणाला लागू नये म्हणून शब्द बदलणारा लेखक एकाच पानावर एकच खाडाखोड करतात, पण मुद्रितशोधकाला तरी त्यांतला फरक कळला पाहिजे.

वर जे लिहिले ते मला स्वतःलाही नेहमी पाळता आलेले नाही. मागच्या वर्षी एक तरुण आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका घेऊन आला. मजकुरात आजीच्या नावाआधी काहीच नव्हते. हल्ली आम्ही असले काही लावत नाही, असे तो म्हणाला आणि मला बरे वाटले. मीही दुसरे काही विचारले नाही. प्रूफ घरी गेले आणि संध्याकाळी आजी स्वतः नातवाच्या गाडीतून छापखान्याच्या दारात आल्या. काठी टेकत त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसून प्रूफ डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाल्या, "माझं गं. भा. कुठं गेलं? पन्नास वर्षं आहे ते माझ्या नावाला. त्याच नावानं मी शेत राखलं, कोर्टात उभी राहिले, चार पोरं वाढवली. मला न विचारता कुणी काढलं?" नातू माझ्याकडे पाहत होता. मी लाल पेन उचलले आणि त्यांच्या नावाआधी जागा सोडण्याची खूण केली.