कैरी तुटल्यावर पुढे काय

सकाळी बिबडे थापून झाले आणि दुपारी चिमण्या राखायचं काम माझ्याकडे आलं. जिन्यात सावली धरून बसायचं, हाताशी काठी, समोर गच्चीवर जुन्या धोतरावर ज्वारीचे बिबडे वाळतायत. जळगावचा एप्रिल. अशा उन्हात चिमण्यासुद्धा फिरकत नाहीत, पण राखायला कुणीतरी बसावंच लागतं, रीतच आहे ती. बसल्या बसल्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्यावरचं गाणं तोंडात आलं. कैरी झोका खाते, मग तुटते, खडक फुटतो, पाणी झुळझुळायला लागतं, पाण्याकाठी बाजार भरतो, बाजारात बांगड्या. आणि बांगड्यांपाशी मी अडले. पुढे काय घ्यायचं होतं?

मोबाइल मांडीवरच होता. पण या बाबतीत माझं एक खूळ आहे. नटाचं नाव, गाडीची वेळ, सोन्याचा भाव, काय वाट्टेल ते शोधीन, गाण्याची अडलेली ओळ शोधणार नाही. ती आपली आपण आली पाहिजे. घरातल्यांना याचा फार जाच होतो, कारण ती येईपर्यंत मी त्या जागी ‘लालाला’ भरून दिवसभर तेच म्हणत फिरते. मुलाने एकदा वैतागून स्वतःच शोधली आणि मोठ्याने वाचायला लागला, तर मी कानांत बोटं घातली. याने मेंदूला व्यायाम होतो, असं मी त्याला ठणकावून सांगते. होतो की नाही, देव जाणे.

मेंदूला काय चांगलं, हे हल्ली सकाळचा चहा व्हायच्या आत फोनवर कळतं. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणे, तेव्हा अक्रोड खा. (वांग्याचं भरीत कशासारखं दिसतं, हे विचारायचं नाही.) या गर्दीत एक यादी मात्र मला पटली. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाला, म्हणजे विसर पडत जाण्याच्या आजाराला, हातभार लावणाऱ्या १४ गोष्टी काढल्या आणि म्हटलं, या आवरल्या तर जगातली जवळजवळ ४५ टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबतील. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, दारू, सिगारेट, बैठं जगणं हे ओळखीचे चेहरे आहेतच. शेवभाजीवर दोन बोटं तर्री ओतून घेणाऱ्या आमच्या मंडळींनी कोलेस्टेरॉलशी पुन्हा एकदा नजर चुकवली. डोक्याला मार हेही एक कारण आहे. आमच्याकडे हेल्मेट डिक्कीत असतं, त्यामुळे डिक्कीचं डोकं एकदम सुरक्षित.

मला धक्का बसला तो दुसऱ्याच नोंदींनी. कमी ऐकू येणं. कमी दिसणं. कमी शिक्षण. एकटेपणा. आवाज नीट पोचत नाही म्हणून माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो आणि मेंदूला काम कमी पडत जातं, असं काहीसं. हे वाचून आम्ही गावी काकांना ऐकायचं मशीन घेऊन दिलं. काकांनी ते आठवडाभर लावलं, मग म्हणाले यात भांड्यांचा आवाज फार येतो, आणि ते मशीन कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत गेलं.

झोप मात्र त्या १४ जणांत नाही, हे मला जरा अन्यायाचं वाटतं. गाढ झोपेत मेंदूतली दिवसभराची घाण धुतली जाते असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, माणसांचं अजून तपासताहेत. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात अख्खं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायचं. मातीचं धाबं, संध्याकाळी पाणी शिंपडलं की वास सुटायचा, गोधड्या ओळीने आणि नऊच्या पुढे कुणी जागं नसायचं. तेव्हा कुणाचे मेंदू धुतले जात होते याची गावात कुणाला कल्पना नव्हती.

गाणंही यादीत नाही. पण मला गाणं आठवतं ते नेहमी माणसांच्या घोळक्यातच. चोपड्याकडच्या आमच्या गावात आखाजीला लेकी माहेरी यायच्या, लिंबाला झोके बांधले जायचे, घरात घागर भरलेली, सांजोऱ्यांचा डबा उघडा. पुरुषमंडळी सावलीत पत्ते कुटत, त्या दिवशी त्यांना सगळं माफ. आजी झोक्यावर कधी बसायची नाही. ती दोरीशी उभी राहून गाणं चालवायची. ती ओळ टाकणार, बायका उचलणार. कैरीने खडक फोडायचा, खडकाने पाणी सोडायचं, प्रत्येक ओळीने पुढचीचा हात धरायचा. कागद कुठेच नाही. आमच्या मुलुखातल्या बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या लेकाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या म्हणून उरल्या. आता इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शिक्षण कमी असणं धोक्याचं, हे आयोगाचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त बहिणाबाईंना कुठल्या रकान्यात घालायचं ते त्यांनी सांगावं.

पुढे आजीला विसर पडायला लागला. आधी डब्यांच्या जागा, मग नावं, मग माणसं. मी सुट्टीत गेले की बाजेवरून मला नीट न्याहाळायची आणि अगदी सौजन्याने विचारायची, “तू कोनी पोर शे वं?” मी बापाचं नाव सांगितलं की मान डोलवायची, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. गावात त्याला म्हातारपण म्हणत, कुणी चळही म्हणे. पण कुणी झोक्याचं गाणं धरलं की तिचा उजवा हात बाजेच्या माच्यावर पडायचा, पाटल्या खणखणायच्या आणि ओळीमागून ओळ यायची, मध्ये एकही खाडा नाही. नव्या आठवणी जिथे नोंदल्या जातात तो मेंदूचा भाग या आजारात लवकर ढासळतो. ताल आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी दुसऱ्या भागांत पसरलेल्या असतात, त्या पुष्कळ टिकतात, असं नंतर डॉक्टरांकडून कळलं. त्याने आजार हटत नाही. गाणं संपलं की ती परत विचारायचीच, मी कोणाची पोर.

माझी अडलेली ओळ संध्याकाळी भांडी लावताना आली, उगाच, काही कारण नसताना. पण त्याआधी मनात काकी आली होती, आणि तिच्यापुढे ओळीचं काही वाटेना.

आजीसमोर ती ओळ धरणारी काकीच होती. आम्ही सुट्टीपुरते. ती वर्षानुवर्षं रात्री उठून दाराची कडी बघायची, आजीने अंगणात ओतलेलं पाणी पुसायची, भाकरी कुस्करून भरवायची आणि भरवताना गायची, कारण गाण्याशिवाय आजी तोंड उघडायची नाही. लग्नकार्याला काकी कधी दिसलीच नाही. आजी गेली, काकीची झोप परत आली नाही. आता तिला रक्तदाब आहे, शुगर आहे, मुलं पुण्याला आहेत. यादी समोर धरून मी एकेक टिपत गेले आणि मध्येच थांबले.

तिला ऐकू कमी येतं, हे गेल्या आखाजीला माझ्या ध्यानात आलं. काकांसारखी ती टीव्ही मोठा करत नाही. बोलणंच कमी करते, हसून मान हलवते, आत निघून जाते. तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. कापूस लावून झाला की नेऊ म्हणालो. मग वेचणी आली. आता केळीची कटाई झाली की बघू.