आमची वाटचाल (आणि एका तुटक्या बेल्टची गोष्ट)

आमच्या इटालियन मोटरसायकलींच्या गॅरेजच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीखाली, खिळ्याला एक तुटका टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा, टांगलेला आहे. नवीन येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, हा कशाला ठेवलाय? हातात वेळ असेल तर सांगतो, नसेल तर "दृष्ट लागू नये म्हणून" म्हणून मोकळा होतो. आज लिहायला बसलोच आहे, तर सांगूनच टाकतो.

सुरुवात अण्णांपासून करायला हवी. वडिलांनी 1971 साली नाना पेठेत आठ बाय बाराच्या गाळ्यात काम सुरू केलं ते लँब्रेटावर. मुंबईच्या एपीआय कंपनीनं इथंच बनवलेली स्कूटर, पण रक्त इटालियन. मिलानच्या लांब्राते भागात, इनोचेंतीच्या कारखान्यात 1947 साली जन्मलेली. पुण्यात तेव्हा आकुर्डीच्या बजाजची चलती होती आणि तीही मुळात इटलीची व्हेस्पाच. आपण वर्षानुवर्षं चेतक आडवी करून, मग सरळ करून किक मारली, ती खोड कुठून आली असं कुणाला वाटतं? व्हेस्पाचं इंजिन एका बगलेला, लँब्रेटाचं मधोमध. लँब्रेटाची चेन तेलात बुडालेली, साइड केस उघडल्याशिवाय क्लचचं तोंडही दिसत नाही. अण्णा म्हणायचे, "बजाज हाक मारली की येते. लँब्रेटाची आधी विचारपूस करावी लागते."

फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) काढायचा पुलर त्यांनी शेजारच्या लेथवाल्याकडून बनवून घेतला होता. तो आजही माझ्या वरच्या खणात आहे आणि आटे अजून शाबूत आहेत. हातोडी मारून फ्लायव्हील काढणाऱ्या पोऱ्याला अण्णा दुपारचा चहा देत नसत. ही शिक्षा मी स्वतः दोनदा भोगली आहे.

नव्वदच्या दशकात स्कूटर मागे पडल्या आणि आम्ही होंडाच्या इंजिनांवर भाकरी खाल्ली. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बिघडतच नाही अशा गाडीबद्दल काय लिहिणार?

2010 च्या पावसाळ्यात एक मुलगा डुकाटी या इटालियन कंपनीची, ड्राय क्लचची जुनी मॉन्स्टर टेम्पोत घालून घेऊन आला. चेहरा पडलेला. "काका, इंजिन गेलं." मी गाडी सुरू केली. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की आतून असा खडखडाट, जसा पत्र्याच्या डब्यात बांगड्या भरून कुणी हलवतंय. क्लच सोडला की आवाज कमी. मी त्याला सांगितलं, बाळा, काही झालेलं नाही, ही अशीच असते. क्लचच्या प्लेटा कोरड्या आहेत, तेलात नाहीत, म्हणून वाजतात. त्यानं विश्वास ठेवला नाही. दोन तास बसवून घेतला, कव्हर काढून प्लेटा दाखवल्या. निघताना आवाज तोच होता, पण पोरगा हसत होता. त्या दिवशी मला या धंद्याची गोम कळली. आवाज काय सांगतोय ते समजलं, की माणूस त्या आवाजाच्या प्रेमात पडतो. पुढं कंपनीनं ओला क्लच आणला, गाड्या शांत झाल्या, आणि लोक आता जुना खडखडाट ऐकायला मिळावा म्हणून जुन्या गाड्यांच्या कव्हराला खिडक्या पाडून घेतात!

लोक विचारतात, एवढे पैसे घालून इतकी लहरी गाडी कशाला? जपानी चार सिलिंडरचं इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. डुकाटीचे दोन सिलिंडर मात्र नव्वद अंशात, एक जवळजवळ आडवा झोपलेला, एक उभा. ठोके सारख्या अंतरावर पडत नाहीत, जरा अडखळून, मग पुढं. मोटो गुझी ही दुसरी इटालियन गाडी. तिच्यात क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) गाडीच्या लांबीत बसवलेली, दोन्ही सिलिंडर गुडघ्यांशेजारी बाहेर डोकावतात. उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर पिळला की अख्खी गाडी उजवीकडे झुकते. पहिल्यांदा बसणारा दचकतो. महिन्याभरानं तोच सिग्नलला मुद्दाम पिळत असतो. मला ही गाडी अण्णांच्या लँब्रेटाची मावसबहीण वाटते. टॅपेट (वॉल ढकलणारे भाग) बाहेरच्या बाहेर, एक पाना, एक पेचकस आणि फिलर गेज (फट मोजायची पट्टी) असला की रविवारी अंगणात बसून ॲडजस्ट होतात. ज्यांना स्वतःच्या हातानं काही करायचंय त्यांनी गुझी घ्यावी, हा माझा सल्ला. कुणी मागितलेला नाही, तरी.

डेस्मोचं, म्हणजे वॉल बंद करायच्या डुकाटीच्या खास पद्धतीचं काम मात्र अंगणात होत नाही. साध्या इंजिनात कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा) वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा झडप, उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. पन्नासच्या दशकातल्या स्प्रिंगा फार वेगात कॅमच्या मागं पळू शकत नसत, वॉल तरंगायचा. डुकाटीच्या फाबिओ ताल्योनीनं वॉल बंद करायलाही वेगळा रॉकर दिला. 1956 साली त्या 125 सीसीच्या गाडीनं स्वीडनमधल्या पहिल्याच शर्यतीत बाजी मारली, आणि 1968 पासून हे रस्त्यावरच्या गाडीत आलं. म्हणजे एकेका वॉलला दोन-दोन रॉकर, दोन-दोन शिम (फट जुळवायचे छोटे धातूचे तुकडे). उघडणारी वेगळी, बंद करणारी वेगळी. हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. बंद करणारी शिम धरून ठेवायला दोन अर्ध्या कड्या असतात, नखाएवढ्या. त्या काढताना तेलाच्या भोकात फडकं कोंबलं नाही आणि कडी आत पडली, तर तुमची रात्र गेली. माझ्या दोन रात्री गेल्या आहेत. तेव्हापासून लाल फडकं वापरतो, म्हणजे कोंबलेलं काढायचं विसरत नाही.

आता बेल्ट. कॅम फिरवायला दोन रबरी दातेरी पट्टे. त्यांचा ताण जुने लोक ॲलन कीनं बघायचे, पाच मिलिमीटरची शिरली पाहिजे, सहाची नाही. एका सिलिंडरला दोनच वॉल असलेल्या इंजिनावर त्याहून चांगली पद्धत म्हणजे इंजिन गार असताना पट्टा तारेसारखा छेडायचा आणि 110 हर्ट्झ मिळवायचे. मी मोबाइलवर बघत होतो. एकदा डबा द्यायला आलेली बायको म्हणाली, "एवढं काय बघताय, पांढरी सहा आहे ती, खालच्या सप्तकातली." तिनं सोळा वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली आहे. तेव्हापासून गॅरेजात एक जुनी पेटी आहे आणि पोरं तिच्यावर बेल्ट लावतात. बघायला येणाऱ्यांना गंमत वाटते. आम्हाला वाटत नाही, काम आहे ते.

2012 ला मॉन्स्टर 795 आली, मागणी वाढली आणि मला एकट्याला झेपेना. भागीदार घेतला. हात सोन्याचा, यात वाद नाही. कॉम्प्युटरवर गाडी वाचायचं सगळं त्यानं मला शिकवलं, तेही मी नाकारणार नाही. 2015 मध्ये डुकाटी स्वतः भारतात उतरेपर्यंतच्या मधल्या काळात पार्ट मिळणं म्हणजे देव नवसाला पावणं होतं. कुणाचा भाऊ बँकॉकला, कुणाची मेहुणी लंडनला, त्यांच्या बॅगेतून ऑइल फिल्टर यायचे. ते सगळे संबंध त्यानं जोडले. लेखी मात्र आमच्यात काही नव्हतं. (धंद्यात नव्यानं पडणाऱ्या पोरांनो, सख्खा भाऊ असला तरी स्टँप पेपर करा. रागावला तर रागावू दे.)

2016 च्या जूनमध्ये मुंबईच्या एका गृहस्थांची मल्टिस्ट्राडा 1200 खंबाटकी घाटात बंद पडली. आमच्याकडून सर्व्हिस होऊन तीन आठवडे झाले होते. बिलावर "दोन्ही बेल्ट नवीन" असं स्वच्छ लिहिलेलं, पैसे घेतलेले. गाडी आणली, कव्हर उघडलं. आडव्या सिलिंडरचा बेल्ट तुटलेला, चारही वॉल पिस्टनवर आपटून वाकलेले, पिस्टनवर चार चंद्रकोरी. बेल्ट हातात घेतला आणि मी खाली बसलो. त्यावर पिवळा ठिपका होता.

तो ठिपका माझा. टायमिंग तपासताना मी पुलीवर आणि बेल्टवर पिवळ्या ऑइल पेंटचा ठिपका ठेवतो, अण्णांची सवय. हा ठिपका मी दोन वर्षांपूर्वी दिलेला होता. म्हणजे जुनेच बेल्ट परत चढवले होते आणि नवे दुसरीकडे कुठं तरी विकले गेले होते. मी भागीदाराला विचारलं. तो म्हणाला, ठिपका तूच आता दिलास. एवढंच. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप, केबल, बेल्टचा ताण मोजायचं यंत्र आणि गिऱ्हाइकांची वही, सगळं गेलं. दोन महिन्यांनी सव्वा किलोमीटरवर त्याचा बोर्ड लागला, माझ्या बोर्डापेक्षा मोठा, लाल रंगात. खाली लिहिलं होतं, "इटालियन गाड्यांचे एकमेव तज्ज्ञ". एकमेव!

गृहस्थांच्या वकिलाची नोटीस आली. मी भांडलो नाही. बिलावर माझ्या गॅरेजचं नाव होतं. हेड, वॉल, पिस्टन, गॅस्केट मिळून 4 लाख 10 हजार झाले, मजुरी सोडून. बँकेनं दार दाखवलं. अण्णांची स्वतःची लँब्रेटा, 1966 ची, ज्यावर मी पुढं उभा राहून शाळेत गेलो, ती 65 हजारांना विकली. अण्णा तेव्हा होते. काही बोलले नाहीत, फक्त "स्टेपनी काढून घे, ती नवीन आहे" म्हणाले. मी काढली नाही.

तरीही दीड लाख कमी पडत होते. तेव्हा साताऱ्याचे डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, 795 चे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. दर चार महिन्यांनी पहाटे साताऱ्याहून निघून साडेसातला माझ्या शटरसमोर हजर, मी यायच्या आधी. हातात कंदी पेढे आणि एक चिठ्ठी, त्यात तक्रारी क्रमवार लिहिलेल्या. "तिसऱ्या गिअरला साडेतीन हजारावर उजव्या पायाखाली बारीक कंप." आणि तो कंप खरोखर असायचा, सायलेन्सरच्या रबराला चीर गेलेली. मी डॉक्टरांना म्हटलं, यापुढं मला जमेलसं वाटत नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. त्यांनी खिशातून चेकबुक काढलं. "पुढच्या दहा सर्व्हिसचे आगाऊ. पावती दे." मी म्हटलं, दहा सर्व्हिस एवढ्या होत नाहीत. ते म्हणाले, "माझा दवाखाना आहे रे, मला माहितेय, दुरुस्त करणारा माणूस एकदा विश्वासाचा मिळाला की बदलायचा नसतो." मी पावती दिली. दहा सर्व्हिस केव्हाच संपल्या, पेढे अजून येतात.

मल्टिस्ट्राडा मी एकट्यानं अकरा दिवसांत उभी केली. घ्यायला आले तेव्हा गृहस्थ एकदाही हसले नाहीत. पण पुढच्या वर्षी गाडी माझ्याकडेच आली.

त्यानंतरची वर्षं ठीक गेली. धायरीला मोठी जागा घेतली, चार पोरं आहेत, लिफ्ट दोन आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. कुणी पण उठतो आणि म्हणतो, इटालियन गाडीचं वायरिंग भंगार. अहो, जुन्या गाड्यांचा रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) तापतो आणि त्याचा कनेक्टर जळतो, तेवढा बघा ना! आपण गाडी पावसाळाभर झाकणाखाली ओली ठेवणार, प्रेशरनं धुणार, बॅटरी महिना महिना चार्ज करणार नाही आणि शिव्या डुकाटीच्या बोलोन्याला. आता तर पेट्रोलात इथेनॉल वीस टक्के. काही मॉडेलांच्या प्लॅस्टिकच्या टाक्या त्यानं फुगतात, मग टाकी चेसिसवर बसत नाही. दोन महिने परदेशी जाणार असाल तर टाकी रिकामी करून, झाकण उघडं ठेवून वाळवून जा. जुनी गाडी घेताना किलोमीटर बघू नका, बेल्ट कधी बदलले ते विचारा. किती किलोमीटरवर नव्हे, कुठल्या तारखेला. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

2020 च्या अखेरीस मल्टिस्ट्राडाच्या नव्या चार सिलिंडरच्या इंजिनात कंपनीनंच डेस्मो सोडून स्प्रिंग घातली. वॉलची तपासणी एकदम 60,000 किलोमीटरवर गेली. पोरं म्हणाली, काका, आपलं काम गेलं. जाईल तेव्हा बघू. लँब्रेटा बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी तो पुलर गेल्या दिवाळीत दोनदा वापरला.

मागच्या बुधवारी एक मॉन्स्टर आली. मालक नवखा, आयटीतला, बोलायला चांगला. गाडी "नुकतीच पूर्ण सर्व्हिस केलेली", असं तोच म्हणाला. कुठं, ते मी विचारलं नाही. लाल स्टिकर दिसतच होतं. कव्हर काढलं तर बेल्ट सैल आणि कडेला सुतं निघालेली. पेटीवर वाजवायचीही गरज नव्हती, छेडलं तर नुसतं फडफडत होतं. पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बदला. मालकाला इतकंच सांगितलं, की बेल्ट गेले होते, आता नवे आहेत, तारीख लिहून ठेवा.

पैसे पूर्ण लावले. बिलाच्या तळाला 2016 पासून आम्ही प्रत्येक बिलावर लिहितो ती ओळ होती, "जुने पार्ट सोबत दिले आहेत." त्यानं पिशवी तिथंच टाकायला सांगितली. मी ती त्याच्या सॅकमध्ये स्वतःच्या हातानं घातली.