मूल्यमापन आधी, टाचण नंतर

वर्षाच्या सुरुवातीला पाठ्यपुस्तक समोर ठेवायचे, प्रकरणांना तासिका वाटून द्यायच्या आणि शेवटच्या रकान्यात 'घटक चाचणी' लिहून नियोजन पूर्ण करायचे, ही माझी अनेक वर्षांची पद्धत होती. पोर्शन वेळेत संपला की नियोजन उत्तम झाले, असे मी मनापासून मानत असे.

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली नियोजनाची पद्धत एका प्रशिक्षणात शिकले, तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. घटक संपल्यावर विद्यार्थ्याला काय समजलेले असावे हे आधी ठरवायचे, ते समजले हे कशावरून ओळखायचे तो पुरावा त्यानंतर, आणि तासिका व उपक्रम सर्वांत शेवटी, असा तिचा क्रम आहे. उद्दिष्टांपासून सुरुवात करण्याचा आग्रह अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्येच धरला होता; मला खरा धक्का दिला तो मधल्या पायरीने.

सरावासाठी मी अपूर्णांकांचा घटक घेतला आणि 'बेरीज-वजाबाकी करता येणे' असे उद्दिष्ट लिहिले. मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारले, "गणित सुटलं, पण अपूर्णांक समजला हे कशावरून?" मला उत्तर देता आले नाही. पुष्कळ खाडाखोडीनंतर उद्दिष्ट असे उतरले: अपूर्णांक ही एक संख्या आहे आणि संख्यारेषेवर तिची जागा निश्चित आहे. पुराव्यासाठी एकच प्रश्न ठरवला: तीन चतुर्थांश आणि पाच षष्ठांश यांतील मोठा कोणता, हे छेद समान न करता पटवून द्या.

शिकवण्याआधी तोच प्रश्न वर्गाला दिला. अपूर्णांकांच्या बेरजा नेहमी अचूक करणाऱ्या एका मुलाने लिहिले, "दोन्ही समान, कारण दोन्हींत एकेकच भाग कमी आहे." ते वाक्य मी कितीतरी वेळ वाचत राहिले. त्यात विचार होता, युक्तिवाद होता. फक्त उरलेला तो 'एक भाग' दोन्हीकडे सारखा नाही, हे त्याला कधी दिसलेच नव्हते आणि माझ्या चाचण्यांनी ते मलाही कधी दिसू दिले नव्हते.

त्या उत्तरावरून टाचण, म्हणजे तासिकांची लेखी आखणी, नव्याने लिहिले. आकृत्या रंगवण्याचा माझा आवडता उपक्रम वगळला, कारण त्यातून भाग मोजले जात होते, त्यांचे आकारमान नव्हे. त्याऐवजी समान लांबीच्या कागदी पट्ट्या आणि संख्यारेषा यांना अधिक तासिका दिल्या. वेळ जास्त लागला, पुढच्या प्रकरणाच्या तासिका कमी पडल्या. हा पेच या पद्धतीत सुटत नाही, निदान मला तरी तो अजून सोडवता आलेला नाही. शिवाय तिन्ही पायऱ्यांचे तक्ते केवळ भरून द्यायचे कागद झाले, तर हा सारा खटाटोप वाया जाईल, असे मला वाटते.

घटकाच्या शेवटी त्या मुलाने दोन पट्ट्या एकाखाली एक काढल्या, उरलेले दोन तुकडे गडद केले आणि खाली लिहिले, "षष्ठांश लहान, म्हणून कमी पडलेलं कमी."