दोन महिन्यांत हाफ मॅरेथॉन होईल का? तुम्ही विचारलंत म्हणून

दसऱ्याच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. तळजाईवर रोज तासभर चालणारे विचारतात, पर्वती चढणारे विचारतात, दर रविवारी सिंहगड करणारे तर विचारतातच. "आता दम अजिबात लागत नाही. डिसेंबरची हाफ धरली तर आठ आठवडे हातात आहेत. होईल ना?" नाही म्हटलं तर मी नाउमेद करते, आणि नुसतं हो म्हणणं मला जमत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर आहे सोळा आठवडे, आणि तेही आज न थांबता 5 किमी धावता येत असेल तर. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून परंपरेने डिसेंबरचा पहिला रविवार तिचा. तिथून सोळा आठवडे मागे गेलात की स्वातंत्र्यदिनाच्या आसपास पोचता. म्हणजे सुरुवात ऐन पावसात करायची, थंडी पडायची वाट बघत बसायचं नाही.

"दम लागत नाही" हे ऐकलं की मला उलट काळजी वाटते. नियमित धावायला लागलं की पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवतं, आणि महिन्याभरात श्वास मोकळा होतो. पाय इतक्या लवकर बदलत नाहीत. चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असतं. धावताना मध्ये दोन्ही पाय हवेत असतात आणि प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने पडतं. किलोमीटरला 8 मिनिटं आणि मिनिटाला 160 पावलं धरली, तर हाफच्या 21.0975 किमीत साधारण सत्तावीस हजार पावलं होतात. टेकडीने मांड्या आणि छाती तयार होते, ते श्रेय तिचंच. पण या आदळण्याची सवय चढून होत नाही.

शिवाय हाडाची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं काढून टाकतं आणि मग नवं भरतं, जुन्या भिंतीचं प्लास्टर खरवडून नवा गिलावा करावा तसं. काढायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. म्हणजे ज्या आठवड्यांत तुम्हाला सगळ्यात दमदार वाटतं, नेमकं तेव्हाच नडगीचं हाड थोडं कच्चं असतं.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात काय होतं, ते म्हणूनच नीट सांगते. ज्यांनी मध्येच सोडलं, त्यांतल्या बऱ्याच जणांची हाफ इथेच संपलेली मी पाहिली आहे. रविवारचे 8 किमी इतके सहज झालेले असतात की पुढच्या रविवारी थेट 12 होतात, तेही काँक्रीटच्या रस्त्यावर आणि टेकडीच्या उतारावर पाय सैल सोडून. सोमवारी सकाळी नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात, ठणका लागतो. मंगळवारी धावायला निघाल्यावर दहा मिनिटांत तो नाहीसा होतो. फसवणूक इथेच आहे. अंग तापलं की जातंय, म्हणजे काही नाही, असं समजून रन पूर्ण होतो. पुढच्या आठवड्यात दुखणं रनच्या शेवटपर्यंत टिकतं, मग जिना उतरताना जाणवतं, मग रात्री अंथरुणात.

पहिल्याच सोमवारी एक गोष्ट करा. अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत दाबत जा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल तर तो बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या कडेला ताणाने आलेली दुखरी सूज. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल, त्या पायावर एकदा लंगडी घातली तरी तिथेच झणका बसत असेल किंवा पडून असतानाही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका धरायची. लंगडी फक्त एकदा, पुन्हापुन्हा नाही. अशा वेळी धावणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो आणि लोक तेवढ्यावर पुन्हा बूट बांधतात. एमआरआयमध्ये तडा आधी दिसतो. तडा निघाला तर सहा ते आठ आठवडे, कधी जास्त, आणि तो डिसेंबर गेला असं समजा. बायकांनी आणखी एक पाहावं: धावणं वाढल्यापासून पाळी चुकत असेल किंवा खाणं कमी पडत असेल, तर हा धोका वाढतो. डॉक्टरांना ते न विचारता सांगा.

नुसता शिन स्प्लिंट असेल तर आठ-दहा दिवस धावणं थांबवून सायकल किंवा पोहणं चालू ठेवा. चालताना आणि दाबल्यावर दुखणं थांबलं की आधीच्या निम्म्या अंतराने, मातीच्या वाटेवर परत सुरुवात करा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, 15 चे तीन सेट, दिवसाआड: एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा थोडे वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार लोक गाळतात, पण पोटरीचा खालचा स्नायू त्यानेच तयार होतो.

"अमक्याने सहा आठवड्यांत केली की!" केली असेल. अंतर पूर्ण होतंच, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. कोणाचा पाय टिकेल आणि कोणाचा नाही, हे मला आधी सांगता येत नाही, आणि हे कबूल करूनही मी सोळाच म्हणते.

अंतर किती वाढवायचं, यावर माझा माझ्याशीच वाद आहे. पूर्वी मी सगळ्यांना सांगायचे, आठवड्याला दहा टक्के. पण आठवड्याला 12 किमी धावणाऱ्याला दहा टक्के म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि 40 वाल्याला थेट 4. एकच आकडा दोघांना कसा लागू पडेल? आता मी म्हणते, दोन आठवडे अंतर तेच ठेवा, मग रविवारचा रन दीड-दोन किमीने वाढवा, दर चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करा. हेही पक्कं नाही. ज्यांनी दहा टक्के पाळले आणि काही झालं नाही, तेही माझ्याच ओळखीचे आहेत.

आठवड्यातून चार दिवस पुरतात, त्यातले तीन गप्पा मारत धावता येईल इतके सावकाश. सर्वात लांब रन 17-18 किमी, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. सरावात 21 करायची गरज नाही. रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावलात तर एका गुडघ्याची बाहेरची बाजू धरते, म्हणून मातीची वाट किंवा सणस मैदानासारखा ट्रॅक मधूनमधून घ्या, आणि ट्रॅकवर परवानगी असेल तर दिशा बदला. नवरात्राचे उपास असतील तर लाँग रन निर्जळी किंवा रिकाम्या पोटी नको. तासाच्या पुढच्या प्रत्येक रनमध्ये दर 35-40 मिनिटांनी एक केळं किंवा चार-पाच साधे खजूर, आणि सोबत तहानेइतकंच पाणी. भीतीने पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

आता चालण्याबद्दल. मध्ये चाललो तर हाफ "खरी" नाही, हा हट्ट मला समजतो, पण हिशेब बघा. 4 मिनिटं धावायचं, किलोमीटरला 7 मिनिटांच्या वेगाने, आणि 1 मिनिट चालायचं, साडेदहा मिनिटांच्या वेगाने. सरासरी येते बरोबर साडेसात, म्हणजे 2 तास 38 मिनिटं. तोच माणूस 7 च्या वेगाने न थांबता निघाला, 14 किमीला पाय संपले आणि उरलेलं चालला, तर 2 तास 52 मिनिटं. चाल पहिल्या पाच मिनिटांपासून घ्यायची. दमल्यावर घेतलेली चाल हा फायदा देत नाही.

तेव्हा आठच आठवडे उरलेत आणि 5 किमी धावता येतात, असं असेल तर याच 4-1 च्या पद्धतीने रविवारचे रन 7, 8.5, 10, 8, 12, 14 असे न्या. शेवटचे दोन आठवडे उतरवत आणा, पहिल्या रविवारी 8, दुसऱ्या रविवारी स्पर्धा. नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी आयोजकांना विचारा: हाफची कटऑफ वेळ, म्हणजे पूर्ण करायची शेवटची मुदत, किती, आणि नाव 10 किमीला बदलून मिळतं का, मिळत असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख लिहून ठेवा. 12 किमीच्या रविवारनंतर सोमवारी नडगी दाबून बघा. दुखत नसेल तर पुढे जा. दुखत असेल तर नाव 10 ला हलवा, आणि बोट एकाच जागी कळ दाखवत असेल तर त्या डिसेंबरला 10 सुद्धा नाही.