एका उंचीच्या नोंदीसाठी महिनाभर

वजन ठीक भरलं की मुलाच्या उंचीकडे कुणी बघत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मुलगी 19 महिन्यांची होती. वजन 9 किलो, कार्डावर हिरव्या पट्ट्यात. पण शेजारची चार महिन्यांनी लहान पोर तिच्यापेक्षा उंच दिसायची. सासूबाई म्हणायच्या, "आपल्यात सगळे ठेंगणेच." दवाखान्यात डॉक्टरांनी कार्डावरची उंची पाहिली, 77 सेंमी, आणि काळजी नको म्हणाले.

ते 77 च चुकीचं होतं. अंगणवाडीत तिला भिंतीला उभं करून शिंप्याच्या टेपने मोजलं होतं, डोक्यावरच्या शेंडीसकट. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर झोपवून मोजायचं असतं. फळी होती, पण कपाटात. पहिल्यांदा गेले तेव्हा किल्ली मुख्यसेविकेकडे. दुसऱ्यांदा मदतनीस रजेवर, आणि फळीला दोघी लागतात: एकीने डोकं टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे दाबून तळवे सरळ करायचे. तिसऱ्यांदा आहाराचं वाटप चालू, "पुढच्या आठवड्यात या."

चौथ्यांदा मी म्हटलं, "ताई, डोकं मी धरते." केस सोडले, पैंजण काढले. पोरगी रडून लालबुंद. पट्टी तळव्यांना टेकली, 75.5. परत घेतलं, तेवढंच. आता ताई नोंद करेनात. "मागच्या महिन्यात 77 आहे. कमी कशी दाखवू? वरून विचारतील." मी पोरीला मांडीवर घेऊन तिथेच बसले. अर्ध्या तासाने त्यांनी मुख्यसेविकेला फोन लावला, तेव्हा कुठे 75.5 लिहिलं गेलं. 20 महिन्यांच्या मुलीसाठी खालची रेष 76.7 च्या आसपास असते; उंची तिच्याखाली गेली की मूल वयाच्या मानाने खुजं धरतात. 77 लिहिलं की ती रेषेच्या वर, खरं लिहिलं की खाली. ताईंवर कामाचा डोंगर आहे हे मला दिसतं, पण त्या एका आकड्यावर माझ्या पोरीचा महिना गेला.

(आणि वजन-उंचीचा मेळ बघून फसू नका. खुजं मूल दोन्हीकडून लहान असतं, म्हणून मेळ बरोबर बसतो.)

नव्या नोंदीवर डॉक्टर नीट बोलले. जन्मवजन विचारलं, 2.1 किलो. गरोदरपणी माझंच रक्त कमी होतं. जुलाब किती वेळा? वर्षात पाचदा. खाते काय? मी अभिमानाने सांगितलं, वरणाचं पाणी, चहा-बिस्किट. ते म्हणाले, "पाण्यात डाळ कुठे आहे?" तिचं हिमोग्लोबिन 8.6 निघालं, थायरॉईड ठीक. लोहाचं औषध, घट्ट वरण-भात वर तूप घालून, रोज अंडं, चहा बंद, पाणी उकळून.

सासूबाईंना मी सांगितलं, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी निघाली, ती सगळी काही आपल्या घराण्यातली नाहीत. आता अंडं त्याच सोलून देतात.

एक राहिलंच: दोन वर्षं पूर्ण झाली की उभं करून मोजतात, आणि उंची साधारण 0.7 सेंमी कमी भरते. घाबरू नका, कशी मोजली ते कार्डावर लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात 24 महिने झाले. तुलना व्हावी म्हणून या खेपेलाही त्याच फळीवर झोपवून, डोकं मीच धरलेलं: 79.5. रेष 80 ची. तेव्हा 1.2 सेंमी मागे होती, आता अर्धा.