रूळ न पडलेला भराव

व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नव्या पाइपलाइनसाठी आम्ही मोजणी करत होतो. लायडारच्या, म्हणजे वरून लेसर सोडून जमिनीचे चढउतार मोजणाऱ्या तंत्राच्या, नकाशात झाडीखाली एक लांब, सरळ उंचवटा दिसला होता. जागेवर गेल्यावर खात्रीच पटली, हा माणसाच्या हातचा. दोन्ही बाजूंचा उतार सारखा, माथा सपाट आणि चढ इतका हलका की तो आगगाडीसाठीच असणार. सोबतचे ज्येष्ठ सर्व्हेअर म्हणाले, "रेल्वेचाच आहे. पण इथून गाडी कधी गेलीच नाही."

मॅनॅसस गॅप रेल्वेची गाडी शेनांडोआ खोऱ्यातला शेतमाल मॅनॅसस जंक्शनपर्यंत आणायची. पुढे अलेक्झांड्रिया बंदर गाठायला दुसऱ्या कंपनीचे रूळ वापरावे लागत आणि त्याचं भाडं भरावं लागे. ते वाचवायला गेन्सव्हिलपासून अलेक्झांड्रियापर्यंत स्वतःचा फाटा टाकायचं ठरलं. १८५० च्या दशकात बरंचसं मातीकाम झालं, मग पैसेच संपले. त्या काळी व्हर्जिनियात असल्या कामांवर गुलाम आणि आयरिश मजूर राबत. आज आम्ही एवढी माती हलवायची तर आधी एक्सकॅव्हेटर मागवतो. त्यांच्याकडे फावडी, टिकाव आणि घोडे-खेचरांच्या गाड्या. कंपनीच्या अध्यक्षाचं, एडवर्ड मार्शलचं, नाव इतिहासात सापडतं. माती उपसणाऱ्यांचं सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

याच फाट्याच्या पश्चिमेकडच्या टप्प्यावर ऑगस्ट १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, दुसरी मॅनॅससची लढाई झाली. दक्षिणेच्या जनरल जॅक्सनचं सैन्य या भरावांच्या आणि कटिंगच्या (रुळांसाठी जमीन खोदून केलेल्या वाटेच्या) आडोशाने उभं राहिलं. ३० ऑगस्टला 'डीप कट' नावाच्या खोल कटिंगजवळ उत्तरेच्या जनरल पोर्टरच्या तुकड्या चालून आल्या. तिथे काही दक्षिणी सैनिकांची काडतुसं संपली, तेव्हा त्यांनी दगड उचलून फेकले. इंजिनाला चढ सोपा जावा म्हणून कुणीतरी आखलेली ती लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीची पातळी. तिच्यामुळे कुणाला आडोसा मिळाला आणि कुणाला उघड्यावर मरावं लागलं. लेव्हल काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे ऐकताना हात थांबले.

आमच्या आराखड्यात पाइप भराव कापून जात होता. दुपारी मी आखणी बदलली. ओढ्याने भराव आधीच जिथे फोडला आहे तिथून पाइप पलीकडे नेला. लांबी वाढली, खर्चही वाढला. आखणी बदलण्याचं कारण मी ड्रॉइंगवरच लिहिलं आणि ठेकेदारासाठी खाली टीप दिली: भरावावर यंत्र चढवू नये.